आईचं घड्याळ कपाटात का आहे?

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. गेल्या दोन-तीन वर्षांत भारतात जाताना बॅगेत आई-बाबांसाठी स्मार्टवॉच टाकून नेलं नाही असे तुमच्यात किती जण आहेत? आणि नेलेलं घड्याळ आज कुठे आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

माझं मला ठाऊक आहे. सांगलीच्या आमच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, पैठणीशेजारी, मूळ खोक्यात. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, मध्येच छातीत धडधडतं, म्हणून मी ते हौसेनं नेलं होतं. हृदयाचे ठोके मोजतं, पडल्यास फोन लावतं, झोप मोजतं, सगळं समजावून सांगितलं. आईनं आठवडाभर घातलं. मग फोनवर म्हणाली, "अगं, भारीतलं आहे ते. भांडी घासताना पाणी जाईल. कार्यक्रमाला घालीन."

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात हीच उपकरणं बनवण्याचं संशोधन करते. अंगावर घालून शरीराची माहिती देणारे सेन्सर, ज्यांना सगळे 'वेअरेबल्स' म्हणतात, त्यावर माझी पीएचडी आहे. म्हणजे ज्या बाईनं या विषयात पाच वर्षं घालवली, तिच्या सख्ख्या आईनं ते मनगटावरून काढून कपाटात ठेवलं. या लेखातलं माझं मत त्या खोक्यातून निघालं आहे. मत असं: सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांवर अंगावर घालायच्या वस्तूंचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर त्या बनवताना शिवणारे, विणणारे, मणी ओवणारे, चित्र काढणारे हात पहिल्या दिवसापासून हवेत. आणि त्या हातांनी बनवलेली वस्तूही प्रयोगशाळेतल्या वस्तूइतक्याच कडक परीक्षेत बसायला हवी. यातलं एकच धरलं की फसगत ठरलेली.

जयपूरचा पाय

'वेअरेबल' हा शब्द नव्हता तेव्हाची गोष्ट. १९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोग विभागात काम करत होते. पाय गमावलेल्या माणसांना परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय मिळायचे आणि काही दिवसांत ते घरी कोपऱ्यात पडायचे. कारण सरळ होतं. त्या पायानं मांडी घालून बसता येत नव्हतं, उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलात उभं राहता येत नव्हतं. त्यावर बूट चढवावा लागे, आणि ज्या घरात चपला उंबऱ्याबाहेर काढतात तिथे बूट घालून वावरायचं कसं?

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शालेय शिक्षण फार थोडं, पण हातात कला. रुग्णांना हस्तकला शिकवायला ते तिथे होते. त्यांनी माणसं चालताना पाहिली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि डॉक्टरांबरोबर बसून रबराचा पाय घडवायला घेतला. टायरसाठी रबर जसं तापवून पक्कं करतात, त्या पद्धतीनं. पावलाचा आकार, रंग, बोटं सगळं खऱ्या पायासारखं. घोट्यात पाऊल वळतं, म्हणून खडबडीत जमिनीवर चालता येतं. वर बूट लागत नाही. शेतात पाण्यात उभं राहता येतं. १९६८ च्या सुमाराला हा 'जयपूर फूट' तयार झाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो मोफत मिळू लागला. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, अडचण नीट बघितली ती मूर्ती घडवणाऱ्या नजरेनं. पाय 'चालण्यासाठी' असतो हे अभियंत्याला कळतं. पाय पंगतीत मांडी घालून बसण्यासाठीही असतो हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं. दुसरी थोडी कडू आहे. डॉ. सेठींचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. रामचंद्र शर्मांचं ऐकलं होतं का?

मण्यांची माळ, पण तपासलेली

आता दुसरी वस्तू. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या प्रजनन आरोग्य संस्थेनं 'सायकलबीड्स' नावाची माळ तयार केली. भारतात ती 'माला चक्र' या नावानं आली. ३२ रंगीत मणी आणि पुढे सरकवायची एक रबरी कडी. लाल मणी म्हणजे पाळीचा पहिला दिवस. रोज कडी एक मणी पुढे न्यायची. तपकिरी मण्यावर असताना गर्भ राहण्याची शक्यता फार कमी. आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे बारा मणी पांढरे, आणि ते दिवस जपायचे. ज्यांची पाळी नियमितपणे २६ ते ३२ दिवसांनी येते त्यांच्यासाठीच ही पद्धत आहे.

बॅटरी नाही, ॲप नाही, अक्षरओळखीचीही गरज नाही. पण मला ही माळ आवडते ती तेवढ्यामुळे नाही. बाजारात आणण्याआधी ही पद्धत बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समधल्या बायकांबरोबर रीतसर तपासली गेली. निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: नेमाने वापरली तर वर्षभरात १०० पैकी साधारण ५ जणींना दिवस राहतात, आणि रोजच्या धबडग्यात माणसं वापरतात तशी वापरली तर साधारण १२ जणींना. हे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. तांबीसारखी साधनं याहून कितीतरी खात्रीची आहेत. पण आकडा समोर असला की बाईला स्वतःचा निर्णय घेता येतो. 'सुंदर आहे, सोपी आहे, आपल्या परंपरेतली आहे' एवढ्यावर कुणाला ती गळ्यात घालावी लागत नाही.

काळ्या दोऱ्यातली चिप

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, काळे मणी, मनगटात मनगट्या हे तुमच्या-माझ्या दोघांच्याही लहानपणीच्या फोटोत सापडेल. २०१४ मध्ये येल विद्यापीठातल्या एका वर्गातून 'खुशी बेबी' हा प्रकल्प निघाला, तो याच दोऱ्यावर उभा राहिला. राजस्थानातल्या उदयपूर भागात बाळांच्या लसीकरणाचं कार्ड हरवतं, भिजतं, माहेरी जाताना सासरी राहतं. नर्सताईसमोर बाळ आहे, पण आधी कोणती लस झाली ते कुणालाच सांगता येत नाही. मग त्यांनी बाळाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक लहानसं पदक ओवलं आणि त्या पदकात चिप बसवली.

ही चिप कशी चालते? तुमच्या बँकेचं कार्ड मशीनवर नुसतं टेकवलं की पैसे जातात ना, अगदी तशी. चिपभोवती तारेचं बारीक वेटोळं असतं. फोन जवळ आणला की फोनच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात तेवढ्यापुरती वीज निर्माण होते, चिप जागी होते, आपली थोडीशी माहिती सांगते आणि फोन दूर नेला की झोपी जाते. त्यामुळे बॅटरी लागत नाही, चार्ज करावी लागत नाही, आणि जिथे इंटरनेट नाही तिथेही लसींची नोंद बाळाच्या गळ्यातच असते.

२०१५ मध्ये युनिसेफनं 'वेअरेबल्स फॉर गुड' नावाची स्पर्धा घेतली होती. खुशी बेबी तिच्या दोन विजेत्यांपैकी एक. दुसरा विजेता मला त्याहून गंमतशीर वाटतो: 'सोपेन', म्हणजे साबणाचा खडू. न्यूयॉर्कमध्ये डिझाइन शिकलेल्या तरुण मुलींची ही कल्पना. लहान मुलानं हातावर रंगीत खडूनं चित्र काढायचं आणि ते पूर्ण जाईपर्यंत हात चोळून धुवायचे. हात २० सेकंद धुवा असं पोराला दहा वेळा सांगून बघा आणि मग हे करून बघा! सेन्सर वगैरे काहीच नाही. फक्त मुलांना हातावर रंगवायला आवडतं हे कुणीतरी विसरलं नव्हतं.

खुशी बेबीचं काम पुढे राजस्थान सरकारबरोबर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या मोबाइल नोंदींकडे वळलं. काहींना हे पदकाचं अपयश वाटेल. मला वाटत नाही. गळ्यातलं पदक हे दार होतं. त्यातून आत गेल्यावर खरी अडचण नर्सताईंच्या वह्यांमध्ये आहे हे दिसलं, तर तिकडे वळणं हाच शहाणपणा.

टिकलीचं काय झालं?

आता मला न आवडणारी गोष्ट. तीही आपल्याच महाराष्ट्रातली.

२०१५ मध्ये 'जीवन बिंदी'ची बातमी तुम्ही शेअर केली असेल. मी केली होती. ग्रामीण भागातल्या बायकांमध्ये आयोडिनची कमतरता आहे, त्या टिकली तर रोज लावतातच, मग टिकलीच्या मागे आयोडिन लावून द्यावं, ते कातडीतून शरीरात जाईल. एका जाहिरात संस्थेची कल्पना, नाशिकच्या एका वैद्यकीय संस्थेची साथ. जगभर कौतुक झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण वैज्ञानिक म्हणून मी तेव्हाच काही प्रश्न विचारायला हवे होते. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, गर्भवतीला २५०. टिकली कपाळावर जागा किती व्यापते? आयोडिन हवेत उडून जातं. पाकीट उघडल्यापासून लावेपर्यंत किती उरतं? शेतात घाम आला की किती आत जातं? यांची उत्तरं मिळवण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे: लघवीतलं आयोडिन मोजायचं, टिकली लावण्याआधी आणि नंतर. मी वाचलेल्या त्या सगळ्या बातम्यांत कौतुक होतं, छायाचित्रं होती. हा आकडा नव्हता.

आणि दुसरं, याहून मोठं. हा प्रश्न सोडवण्याचा मार्ग भारताला माहीत होता. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की मिठात आयोडिन घातलं की गलगंड कमी होतो. १९६२ मध्ये त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत आयोडिनयुक्त मीठ सापडलं. मिठाला रोज कुणाची आठवण लागत नाही, ते पुरुषाला मिळतं, बाळाला मिळतं, टिकली न लावणाऱ्या विधवेला आणि मुसलमान बाईलाही मिळतं. हे शेवटचं वाक्य जरा पुन्हा वाचा. 'आपल्या संस्कृतीतली वस्तू' म्हणून जी आपण डोक्यावर घेतो, तिच्याबाहेर कोण राहतं?

टिकलीमागचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण पुरस्कार हा पुरावा नसतो. आणि गरिबांसाठीच्या वस्तूला 'कल्पना किती छान' एवढीच कसोटी लावणं हा मला त्यांचा अपमान वाटतो. तुमच्या स्वतःच्या गोळीसाठी तुम्ही एवढ्यावर समाधान मानाल का?

इंजिनिअर तरी कुठे धुतल्या तांदळाचे?

कलावंतांना एवढं सुनावल्यावर माझ्या जमातीचंही सांगते. करोनात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून जातो, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी काढतात. पण वाटेत त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट.

हे घडतं कसं? उपकरण जुळवताना घेतलेल्या स्वयंसेवकांत काळ्या त्वचेची माणसं फार थोडी. अमेरिकेच्या एफडीएची २०१३ ची मार्गदर्शक सूचना किमान १० जणांवर चाचणी करा म्हणत होती, आणि त्यात गडद त्वचेचे किमान दोघे किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. इथे ब्रिटनमध्ये यावर सरकारनं स्वतंत्र समिती नेमली. तिचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला.

तुमच्या मनगटावरच्या घड्याळाखाली हिरवा दिवा लुकलुकतो ना? त्याचंही तत्त्व असंच. हिरवा प्रकाश तर मेलॅनिन लाल प्रकाशाहून जास्त शोषतं. म्हणून आमच्या क्षेत्रात आता प्रत्येक सेन्सरला पहिला प्रश्न हा विचारायला हवा: कुणाच्या कातडीवर तपासलास?

आजीचा साखळी टाका

आता माझीच फजिती. आमच्या गटानं श्वासाची गती मोजणारा पट्टा बनवला होता. दम्यासारख्या आजारात श्वास वाढू लागला की आधीच कळावं म्हणून. प्रयोगशाळेत उत्तम चालला. मग इथल्या दक्षिण आशियाई वस्तीतल्या बायकांना वापरायला दिला. दुसऱ्या आठवड्यात निम्म्याहून अधिक पट्टे बंद. मी विचारायला गेले. एका गुजराती मावशींनी चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं: "बेटा, हे घालून बाहेर गेले की लोक विचारतात, काय झालं? मला काही झालेलं नाही." कुणाला पट्टा काचत होता, कुणाला तो साडीच्या ब्लाउजखाली बसत नव्हता. आम्ही तो टी-शर्टवर तपासला होता!

मला भरतकामाचा नाद आहे, आजीकडून आलेला. प्रयोगशाळेत त्याबद्दल मी कधी बोलत नसे. पीएचडीवाल्या बाईनं टाके घालणं काहीतरी घरगुती वाटे. त्या दिवशी घरी येऊन मी चांदीचा मुलामा दिलेला, वीज वाहून नेणारा धागा घेतला आणि साध्या सुती पट्टीवर सेन्सर भरायला बसले. आधी धावदोरा घातला. श्वास घेतला, पट्टी ताणली, धागा तुटला. मग आजीचं वाक्य आठवलं: "ताणणाऱ्या कापडावर साखळी टाका घाल, तो कापडाबरोबर जातो." साखळी टाक्यात धागा कड्या-कड्यांनी बसतो, ताण आला की कड्या लांबट होतात, धागा तुटत नाही. आणि कड्या एकमेकींना कशा टेकतात ते बदललं की विजेचा रोध बदलतो. म्हणजे टाका तुटत तर नाहीच, वर तोच श्वास मोजतो. आमच्या गटात महिनाभर ज्यावर चर्चा चालू होती, ते आजीला चौथी पास होऊन माहीत होतं.

पण माझ्याच नियमानं मला पुढचं सांगायला हवं. धुतल्यावर चांदीचा मुलामा जातो. काही धुण्यांनंतर आकडे भरकटायला लागले. तो पट्टा अजून कुणाच्या अंगावर नाही, आणि धुण्याचा प्रश्न सुटेपर्यंत तो जाऊ नये असं माझं मत आहे. मावशींना तो फार आवडला होता, निळ्या धाग्यानं वर मी बारीक वेलबुट्टी काढली होती. आवडला म्हणून देणं किती सोपं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. टिकलीवाल्यांवरचा माझा राग तेव्हा थोडा उतरला.

मग तुमच्याकडून काय हवं?

तुमच्यात कुणी डॉक्टर आहे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, आणि शनिवारी-रविवारी कुणी क्रोशे करतं, कुणी मंडळाच्या गणपतीचं मखर बांधतं, कुणी पॉटरीच्या वर्गाला जातं. हे दोन कप्पे आपण फार नेटानं वेगळे ठेवतो. माझं म्हणणं, ते उघडा. तुमच्या रुग्णालयात, कंपनीत, विद्यापीठात असं उपकरण बनत असेल तर त्या बैठकीत शिवणकाम जाणणारी बाई बसवा. पैसे देऊन, नावासकट. शोधनिबंधावर तिचं नाव घाला. रामचंद्र शर्मांची चूक पुन्हा नको.

आणि उद्या अशी एखादी सुंदर कल्पना व्हॉट्सॲपवर आली, की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. ज्यांच्यासाठी आहे ते हे स्वतःहून अंगावर ठेवतील का? ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यावर तपासलं का, आणि आकडा कुठे आहे? आणि त्यातून जी माहिती निघेल ती बघून कोण उठून काहीतरी करणार आहे?

तिसरा प्रश्न मी आईच्या घड्याळाबाबत स्वतःला विचारला तेव्हा उत्तर मिळालं: कुणीच नाही. आकडे माझ्या फोनवर येणार होते, साडेचार हजार मैलांवर, मी मीटिंगमध्ये असताना. आईला त्यातलं काही कळणार नव्हतं. म्हणजे ते घड्याळ तिच्या तब्येतीसाठी कमी आणि माझ्या मनाच्या समाधानासाठी जास्त होतं. तिनं ते कपाटात ठेवलं यात तिचं काय चुकलं?

या वेळी सांगलीला गेले तेव्हा दंडाला बांधायचं साधं रक्तदाबाचं यंत्र आणि एक वही ठेवून आले. वहीला आईनं जुन्या इरकल साडीच्या काठाचं कव्हर शिवलं आहे. दर रविवारी शेजारच्या निवृत्त नर्सबाई येतात, दोघी चहा पितात, आकडा लिहितात, आणि आकडा वाढला तर त्याच डॉक्टरांकडे घेऊन जातात. घड्याळ अजून खोक्यातच आहे. भाच्याच्या लग्नात घालणार आहे म्हणे.